झुकतं माप

यीवोतिनचा चौक सपाट नाही.
चर्चच्या पायरीपासून ओढ्याकडे तो चांगला पुरुषभर उतरतो,
म्हणून बाजारच्या दिवशी सफरचंदवाले
वरच्या अंगाला बसत नसत.
एक निसटलं की थेट कारंज्याच्या कुंडात.

दोन ओढ्यांच्या बेचक्यातलं हे गाव.
एकाचं पाणी कोऱ्या चहासारखं, दलदलीतून आलेलं.
दुसरा नितळ पण आळशी, तळ्यातळ्यात अडवलेला,
तिथे कार्प मासे चिखलात तोंड खुपसून
नाताळपर्यंत जाड होत राहतात.
मिठाच्या गाड्या इथे थांबत
कारण पुढे चढ होता आणि बैल दमत.
एवढंच.
बाजार भरवायचा हक्क राजाने दिला तो मागाहून,
लाल मेणाच्या शिक्क्यासह.

नगरसभेच्या भिंतीत एक लोखंडी हात ठोकलेला आहे,
कापड मोजायचा.
द्राहोमीरा स्लाव्हीकोव्हा, जिच्याकडे किल्ल्या असतात,
सांगते, तो बोटभर आखूड आहे.
स्वीडिश सैनिकांनी तोडला, असं शाळेत शिकवत.
"कसले स्वीडिश! आमचेच कोष्टी,"
आणि हसते, पडलेल्या दातापुढे तळवा धरून.

तराजू ती सगळ्यात शेवटी दाखवते.
हंस, लोकर, जवसाचे गठ्ठे,
आणि सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात
जर्मन बोलणाऱ्या शेजाऱ्यांची बोचकी.
माणशी पन्नास किलो.
आकडे लिहायला तिची आई बसली होती, एकोणीस वर्षांची,
पेन्सिल ओली करत जिभेवर.
हेडविग ट्राउटमानचं बोचकं भरलं त्रेपन्न.
तिने गाठ सोडली, शिवणयंत्राचं चाक काढलं,
टेबलावर ठेवलं.
"तेल घालत जा याला," म्हणाली, चेकमध्ये.
पुन्हा तोललं. एकावन्न.
आईने लिहिलं पन्नास.

"या गावाने झुकतं माप दिलं
ते एवढं एकदाच,"
द्राहोमीरा म्हणते, आणि मग, जरा थांबून,
"तेही एक किलो."

पुढे प्रागहून कागद आला, हे आता नुसतं खेडं.
पन्नासेक वर्षांनी दुसरा आला:
पुन्हा बाजाराचं गाव.
तोवर बाजार उठला होता.

गुरुवारी एकच गाडी येते, व्हिएतनामी क्वीची.
मोजे, कांदे, प्लास्टिकच्या बादल्या.
तो वरच्या अंगालाच उभी करतो, कुणाचं ऐकत नाही,
उतरतो,
आणि पहिल्यांदा मागच्या चाकाखाली वीट सारतो.