रसग्रहण, गुण पाच

फळ्यावर दोन ओळी लिहिल्या होत्या:

    दुपारी कुणाची घरी वाट पाहे
    रिकामी जुनी खाट दारात आहे

वर लघूची चंद्रकोर, गुरूची आडवी रेघ.
य य य य. भुजंगप्रयात. अक्षरं बारा.
साप चालतो ना, तशी ही चाल, मी म्हणालो,
आणि मागच्या बाकावरच्या तिघांनी पाय वर घेतले.
चिचटोल्याच्या शाळेत साप ही उपमा नसते.

मग भाव सांगितला. करुण. विरह.
खाट म्हणजे रितेपणाचं प्रतीक.
लिहून घ्या, परीक्षेत हमखास येतं.

हजेरीत ती तुळसा कुमरे.
स्वतःला म्हणते तुरसा.
वर्षभर मी तिचा ळ दुरुस्त करत राहिलो,
झाडीत तो रुजत नाही म्हणतात, तरीही.
एका रात्री लाइट गेली असताना सहज बोटांवर मोजलं:
तुळसा. तुरसा.
दोन लघू, एक गुरू. दोन्हीकडे स गण.
वृत्ताला अडचण नव्हतीच.

एप्रिलच्या पेपरात तिनं लिहिलं:
«वृत्त बरोबर आहे, मोजून पाह्यलं.
रस करुण नाही.
घरचे पानाले गेले म्हनून खाट रिकामी.
दुपारी येतीन.
पुडके तिच्यावरच बांधतेत.»
मी दिले पाचात दीड.
त्यातला अर्धा अक्षरासाठी.

मे महिन्यात तिच्या दाखल्यावर बापाची सही हवी होती.
ऊन असं की सायकलची सीट हाताला लागेना.
दारात तीच खाट, आणि तिच्यावर
तेंदूची हिरवी पानं, काठोकाठ.
«उभे काऊन जी सर? बसा ना,» आई म्हणाली,
आणि बसायला जागा कुठं होती.

बाप सही करताना मी बघत होतो.
पाच पाच पानांची जुडी, अशा चौदा.
पस्तीस एका तोंडानं, पस्तीस दुसऱ्या,
मधे यती.
वर वाखाची गाठ.
तुळसाचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.
वर्गात तिला मी मोठ्यानं म्हण, मोठ्यानं म्हण करायचो.

एका पुडक्याशी ती थांबली. सोडलं. परत मोजलं.
एकोणसत्तर.
«मुन्शी फेकून देते,» आई म्हणाली.
मग तिनं खाटेखालून एक पान काढलं,
कडेला फाटलेलं, किडीनं जाळी केलेलं,
आणि बरोबर मधे सरकवलं,
दोन चांगल्या पानांच्या आड.

कवीही ओळीत असा एखादा «हो», एखादा «गे»
सरकवतात, भरीला.
मी त्याला पादपूरक म्हणतो
आणि नाक मुरडतो.

पेपर तोवर केव्हाच गेले होते तालुक्याला,
पंचवीस पंचवीसचे गठ्ठे,
मोजून, सुतळीनं बांधून.
चार वाजता ती डोक्यावर ओझं घेऊन फळीकडे निघाली,
मी शाळेकडे.
ते पुडकं मुन्शीनं घेतलं का,
हे विचारायचं राहिलंच.