अर्धं पाऊल

कुणी म्हणतं, ही विद्या एका सेनापतीची,
कुणी म्हणतं, पडक्या देवळाच्या भिंतीत पोथी सापडली.
छांग शिफू हसायचे,
ज्वारीच्या शिरक्याच्या रांजणावरचं
वेताचं झाकण सरळ करत:
"अगं, कुणा तांड्याच्या राखणदाराचा भाला
थायगूच्या वेशीवर काढून घेतला असेल दिवेलागणीला.
आत तर जायचंय, मागं मालाचे उंट,
आणि आत कोण टपलंय ते ठाऊक नाही.
भाला वेशीतच टेकलेला राहिला.
पाठीचा कणा मात्र
भाला धरल्यासारखाच चालत गेला.
झाला जन्म."

मी एकोणीस वर्षांची.
मला मारायचं होतं. कुणाला, ते सांगत नाही.
त्यांनी मला नुसतं उभं केलं.
एक हात नाकाच्या रेषेत पुढं, एक बेंबीपाशी,
भार मागच्या पायावर,
समोर विटांची भिंत.
पहिला हिवाळा तसाच गेला.
माझ्या मांड्या लटपटायच्या
आणि ते पलीकडं रांजणांतला बर्फ उपसत बसायचे.
पाणी तेवढं गोठतं. ते उचलून फेकायचं,
खाली उरतं काळं, दाट, आंबट.
मला वाटलं, यात माझ्यासाठी काही आहे.
विचारलं.
"काही नाही. शिरका आहे. कोपर खाली घे."

मग मुठी आल्या. कुऱ्हाडीसारखी वरून उतरणारी,
झऱ्यासारखी खालून उसळणारी,
आणखी दोन,
आणि पाचवी आडवी, जी मला अजून साधत नाही.
"आधी अडवायचं, मग मारायचं, ही दोन कामं झाली.
दोन कामांना वेळ कोण देतो?
अडवणारा हातच पोचला पाहिजे.
मूठ आणि टाच एकदमच टेकू दे,
नाहीतर तुझा फक्त खांदा भांडतोय.
बाजूला सरू नकोस.
तो उभा आहे ना, ती जागा तुझी.
तिथं जाऊन उभी राहा,
त्याचं तो बघेल."

लढले ते आयुष्यात एकदाच.
कोळशाच्या धक्क्यावर, वजनकाट्यावरून.
निउ अर्बाओ, वय बावीस, हातात फावडं.
अर्धं पाऊल. सरळ मूठ.
फावडं जमिनीला लागायच्या आधी
बरगड्या वाजल्या.
लोक म्हणाले, वा!

त्यानंतर दर नववर्षाच्या सकाळी
पाच वर्षं मुरलेल्या शिरक्याची सुरई घेऊन
शिफू अर्बाओच्या दारी. एकतीस वर्षं.
दार उघडायचं नाही.
सुरई उंबऱ्यावर ठेवायची, परतायचं.

शेवटच्या वर्षी मला सोबत नेलं,
हाताला कंप सुटला होता म्हणून.
दार उघडलं.
एका अंगाला कललेला माणूस, श्वासात बारीक शिट्टी.
म्हणाला,
"मागच्या वर्षीचा जास्त आंबट होता."

शिफूंनी मान हलवली.
आणि मी पहिल्यांदाच पाहिलं त्यांना
पाऊल मागं घेताना:
अवघडून,
आधी टाच, मग बोटं,
भिंतीला हात लावत,
नवशिक्यासारखं.