मोजा

घणसोलीच्या बालवाडीत
मधल्या सुट्टीची घंटा झाली
की निहार टेबलाखाली.
तळवे कानांवर, डोळे गच्च,
डबा तसाच.

मग शेवंतामावशींनी
हातोडीला जुना पायमोजा चढवला.
आता घंटा खोकल्यासारखी वाजते.
बाकीची पोरं हसतात, पळतात.

माझ्याकडे फॉर्म आहे :
तारीख, प्रगती, सही.
दोन महिने मधला रकाना कोराच.

काल मोजा धुऊन
खाडीकडच्या खिडकीत वाळत घातला होता.
घंटेच्या जरा आधी
निहारनं तो ग्रिलवरून ओढला, ओलाच,
आणि मावशींच्या हातात कोंबला.
बोलला नाही काही.
गेला परत टेबलाखाली,
एक कान उघडा ठेवून.

याला काय म्हणायचं?
रकान्यात लिहिलं,
मोजा ओला होता.