मागचा बाक

मिरजेच्या दवाखान्यापुढच्या चर्चमध्ये
घंटा माझ्याकडे आहे, आणि दारही.
नवीन माणूस आधी पायांकडे बघतो.
"चपला कुठं काढू?"
राहू द्या म्हटलं, तरी यानं काढल्याच,
उंबऱ्याबाहेर, जोडून.
कवठेएकंदचा. बायको तिसऱ्या मजल्यावर, अकरा दिवस.

मागच्या बाकावर बसला, कडेला.
मग कुजबुज सुरू.
मूर्ती कुठाय? नाही.
नारळ? तोही नाही.
दानाची थैली फिरली तसा खिसा चाचपला:
"किती टाकायचं असतं?"
टाकायलाच हवं असं नाही.
"मग चालतं कसं?"
मी गळक्या पन्हळीकडे बोट दाखवलं.
तेव्हा हसला.

"नाव बदलावं लागतं का?"
माझं नाव दगडू सॉलोमन आवळे.
एक आजीनं ठेवलं, एक पाळकसाहेबांनी,
दोन्ही हाकांना ओ देतो.

भाकर आली, पेला आला.
"मला चालेल?"
बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतं, म्हणालो,
आणि त्याच्यापुढून ताट नेताना
हात जड झाला.

शेवटच्या गीताला सगळे उठले. तो बसूनच:
"बायकोसाठी मागितलं, तर ऐकतो का?"

तीस वर्षं दार सांभाळतोय.
माझी रूथ त्याच इमारतीत गेली,
नाताळाला चार दिवस असताना.
म्हटलं, नाव सांगा तिचं.
"द्रौपदा."
गायनपुस्तकाच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं लिहून घेतलं.

दारात आलो.
ऊन पायरीपर्यंत चढलेलं.
त्याच्या चपला कुणीतरी
सावलीत सरकवून ठेवल्या होत्या.