टायरमागं एक

बेदाणा पेट्यांत गेला की शेड मोकळं होतं.
जाळ्यांचे रिकामे थर, बाजूनं हिरवं शेडनेट,
खाली अजून चिकट जमीन
आणि जुन्या वासावर येणाऱ्या चार मधमाश्या.
सावळजच्या रस्त्याला, चौगुल्यांच्या त्या शेडवर
आमची पेंटबॉलची टीम झाली.
माणसं पाच. मार्कर दोन.

बुरुंगले मॅडम खो-खोच्या. गुडघा गेला, शिट्टी राहिली.
पहिला महिनाभर रंगाची एक गोळी दिली नाही.
"पेटी केवढ्याला येती ठावं हाय का?"
हातात ठिबकच्या पाईपचा तुकडा, आणि पळ.
शिट्टी, पाच पावलं, क्रेट.
मागं या.
शिट्टी, पाच पावलं, क्रेट.
चाळीस झाल्यावर इलाही म्हणाला, मॅडम, गोळी कधी?
त्या म्हणाल्या, आधी बसाय शिक.

मग जागांना नावं. निळी टाकी ती मामी.
क्रेटची उतरंड ती माडी.
ट्रॅक्टरचा टायर टायरच राहिला,
त्याला दुसरं नाव चिकटेना.

मग डोकावणं.
एक डोळा, एक नळी, एवढंच जगाला दाखवायचं.
कोपर बाहेर आलं की मागून खडा यायचा,
मॅडमचा नेम चुकत नसे.
काखेत वही धरायची. पडली की शेडला एक चक्कर.
माझी वही भूगोलाची.
आधी पुठ्ठा गेला, मग कोकण,
मग आख्खा महाराष्ट्र गेला.
उजव्या हातानं, मग डाव्या हातानं,
ताटावर बसलो तरी कळेना घास कुठल्या हाताचा.

संध्याकाळी हजेरीच्या वहीत नोंद:
कोण कुठं मेला, का मेला.
'का'च्या रकान्यात नशीब लिहिलं की मॅडम खोडायच्या.
शीतल: परत त्याच बाजूनं डोकावला.
पद्मजा: गोळ्या भरताना उभी राहिली.
इलाही: आपली गोळी लागली का बघत बसला.
मी: बोलला नाही.
मी: बोलला नाही.
मी: बोलला नाही.

घरी आई विचारायची, आज कितींदा?
सहांदा.
बरं, हात धू.

भरमू आणि मी दोन वर्षं बोलत नव्हतो.
पाण्याच्या पाळीवरून चुलत्यांनी एकमेकांची गचांडी धरली,
आम्ही तेव्हा शाळेत होतो.
तरी ते भांडण आमच्याकडं आलं
थोरल्याच्या जुन्या सायकलीसारखं.
मॅडमनी नेमकं आम्हालाच डाव्या अंगाला लावलं.
भरमू पुढं, मी मागं.
पुढच्याला दिसत नाही. मागच्याला दिसतं.
मागचा गप्प.
भरमू रोज रंगून बाहेर यायचा
आणि माझ्याकडं न बघता मास्क पुसायचा.

मॅडम एकदाच म्हणाल्या,
"बाद झाल्यावर हात वर करायचा, तोंड उघडायचं न्हाई.
नियम हाय.
मग तुला म्हाईत हाय ते तू कवा सांगणार?"

दुसऱ्या दिवशी शेडनेटमधून उन्हाचे तुकडे पडलेले.
शिट्टी. पाच पावलं. भरमू माडीमागं.
मला टायरवर मास्कची कड दिसली.
घशात काहीतरी आडवं,
बेदाण्यात राहिलेल्या काडीसारखं.

"टायरमागं एक!"

आवाज फाटला. पत्र्यावरची पारवी उडाली.
भरमू वळला नाही. म्हणाला, "कुठल्या अंगाला?"
"डाव्या. तुझ्या डाव्या."
त्यानं हात बदलला.
इलाहीच्या मास्कवर पिवळा टप्का,
आणि इलाहीचा हात वर.
एवढंच. नंतर आम्ही क्रेट उचलले, गप्पच.

पुण्यात पहिला डाव अकरा सेकंदांत गेला.
दुसरा थोडा उशिरा गेला.
तिसऱ्यात शीतल पुन्हा त्याच बाजूनं डोकावला.

परतताना टेम्पोत मॅडमनी वही काढली. का मेला?
पाचही जण एकदम सुरू झाले.
"एकेक बोला की रं."
भरमूनं माझ्याकडं हनुवटी केली:
"ह्याचं आधी लिवा. ह्याला मागनं सगळं दिसतंय."

पेठ नाक्याला टेम्पो चहाला थांबला,
तरी माझं संपलं नव्हतं.