धक्क्यावरचे खुंटे

सगळ्यांनी समुद्राचे फोटो काढले.
माझ्या फोनात त्रेचाळीस खुंटे आहेत,
बिडाचे, जहाजं बांधायचे, मानेत जाड,
धक्क्याच्या दगडात कमरेपर्यंत रुतलेले.
प्रत्येकावर बोटाच्या हाडानं टकटक केली
आणि कान लावला.
मलप्रभा म्हणाली, अहो, लोक बघतायत.
बघू देत की.
छत्तीस वर्षं उद्यमबागेत बीड ओतलंय,
आत पोकळी असली की आवाज खोटं बोलत नाही.

सात दिवसांचा दौरा, एड्रियाटिकच्या काठाकाठानं.
तिसरा दिवस मला आठवतच नाही.
एक चर्च होतं, बऱ्याच पायऱ्या होत्या
आणि चिकोडीच्या मगदूम सरांचा गुडघा.
बाकी बसमध्ये चिवडा, कुंद्याचे डबे,
आणि निपाणीचे तंबाखूवाले शिरगुप्पे.

गाइडचं नाव याद्रांका.
माइक हातात घेऊन ती म्हणाली,
या गावाला आणखी एक नाव आहे,
म्हाताऱ्यांच्या तोंडात अजून तेच येतं;
पाटीवर कुठलं लिहायचं, यावरून इथं बरंच काही झालंय.
बस गप्प.
कुणी कुणाकडे बघेना.
मग मागच्या सीटवरून शिरगुप्पे:
'बाई, हे तेवढं आम्हाला शिकवू नका.'
अख्खी बस हसली, निम्मी कानडीत, निम्मी मराठीत,
काही जण दोन्हींत.
तिला वाटलं, आपलं इंग्रजी कळलं नाही.
बिचारीनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

संध्याकाळी धक्क्यावर
तिनं मलप्रभेला नावाचा अर्थ विचारला.
नदी, ही म्हणाली. माझ्या माहेरी उगम पावते, कणकुंबीला.
माझं नाव म्हणजे हाच समुद्र, ती म्हणाली.
आणि दोघी एकमेकींना वरपासून खालपर्यंत बघत राहिल्या,
पाच दिवस एका बसमध्ये बसून
आत्ताच भेटल्यासारख्या.
तुझी नदी कुठल्या समुद्राला मिळते?

आता हे मराठीत सांगायलासुद्धा अवघड.
कणकुंबीहून पश्चिमेचं पाणी हाकेवर,
घाट उतरला की अंगाला खारा वारा.
पण ही नदी तिकडे पाठ करून निघते,
खानापुरावरून, सौंदत्तीवरून, काळ्या रानातून,
कृष्णेच्या हातात हात देते
आणि कृष्णा तिला नेते लांब, पूर्वेला.
'का पण?' याद्रांकानं विचारलं.
'उतार तसा आहे,' मलप्रभा म्हणाली.
मग चपला काढल्या,
साडी पोटरीपर्यंत उचलून
मावळतीकडे तोंड करून पाण्यात उतरली,
एक पायरी, दुसरी, शेवाळ लागलेली तिसरी.
मी खुंट्यावर बसलो होतो.
तो फोटो तेवढा काढायचा राहिला.

त्या खुंट्याच्या मानेवर घळ होती.
करंगळी आत बसेल एवढी, तेलकट, गुळगुळीत.
काथ्यानं कापलेलं लोखंड.

परत आल्यावर बाळाप्पाला दाखवलं.
आमचा पॅटर्नवाला, हात सोन्याचा, बोलणं तोलून.
म्हटलं, असा एक कर. सागवानात. घळीसकट.
त्यानं फोन लांब धरला, जवळ धरला.
'कशाला मालक? इथं जहाज कुठलं?'
असू दे रे.
'करतो. पण घळ नाही करणार.
ती आपण ओतायची नसती. ती बांधणाऱ्यानं पाडायची.'

सोमवारच्या भट्टीत शेवटचं बीड त्याला दिलं.
वाळू फोडली, तासला, टकटक केली.
भरीव.
आता तो गेटपाशी उभा आहे, काळा, कोरा,
ट्रकवाले वळताना शिव्या देतात.
वॉचमन फकीरसाब त्याला शेळी बांधतो.
ती दिवसभर त्याच्याभोवती फिरते, चरते,
दोर आखडला की उलटी फिरते.

संध्याकाळी कुलूप लावताना
मी त्याच्या मानेवरून बोट फिरवून बघतो.
अजून काही नाही.
दोर नायलॉनचा आहे, शेळीही लहान.
वेळ लागेल.