उसनं मडकं

एकवीस दिवस नुसता ताप.
गेला, तेव्हा अंगातलं किडुकमिडुकही सोबत घेऊन गेला.
गिरणीत माझ्याकडे चारशे चात्या होत्या,
धागा तुटला की दोन बोटांत गाठ,
पापणी लवायच्या आत.
आता पेल्यावरचं झाकण उचलायचं
तरी आधी मनाची तयारी करावी लागे.

फान वैद्यांनी मनगटावर तीन बोटं ठेवली.
बराच वेळ. बाहेर कुणी हातगाडीवरून कोबी उतरवत होतं,
लानचौच्या थंडीत गड्डे दगडासारखे वाजत होते.
"नाडी आहे," म्हणाले, "पण पोकळ.
कांद्याच्या पातीवर बोट ठेवावं तशी."
मग काटा हातात धरून
पाच भाग हुआंगची, एक भाग दांगग्वेई.
मी म्हटलं, रक्त कमी आहे ना, मग रक्ताची मुळी एवढीशीच?
"आधी दम. दम नसेल
तर रक्त कुणाच्या पाठीवर बसून येणार?"

दांगग्वेई म्हणजे, परतायला हवं.
मुळीचं नाव हे, उगाच कुणी ठेवलेलं नाही म्हणतात.
नवरा यूमनच्या तेलविहिरींवर.
पत्रात त्याला ते नाव लिहिलं नाही.
रजा मिळत नाही, आणि तो मुळातच हळवा.

घरात होती ती कढई, लोखंडाची. ती चालत नाही.
तळमजल्यावरची न्ये शूफन मडकं घेऊन आली,
तोटी फुटकी, पोटाला तारेचा वेढा,
आतून इतकं काळं की पाणी ओतताना तळ दिसेना.
"वापर," म्हणाली. "पण परत आणून देऊ नकोस.
औषधाचं मडकं परत करणं म्हणजे
दारात दुखणं नेऊन ठेवणं.
मला लागलं तर मीच येईन."

तीन वाट्या पाण्याची एक वाटी होईस्तोवर
जिन्यात सेलरीच्या देठांचा वास,
आणि त्याखाली जुन्या कपाटाचा.
चोथा चौकात टाकायचा, रात्री;
येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय आजार वाटून नेतात.
टाकला. सकाळी पाहिलं,
बर्फातल्या पिवळ्या चकत्यांवरून
पहिल्या पाळीच्या सायकली गेलेल्या.
कुणाच्या वाट्याला गेला असेल माझा आजार,
हे त्या दिवशी कुणालाच विचारता आलं नाही.

बरं वाटू लागलं ते असं कळलं:
मुकादमावर मी ओरडले.
तोंडातून आवाज निघाला आणि मीच चपापले.
बायका हसल्या. संध्याकाळी
मी दोन वाट्या शेवया खाल्ल्या, वर तिखट तेल.

मडकं मात्र खिडकीत.
न्ये शूफन जिन्यात भेटायची,
भाव विचारायची, मुळ्याचा, कोळशाच्या वड्यांचा,
मडक्याचं नाव नाही.
मीही काढत नसे. घासून ठेवलेलं ते,
पुसताना दर वेळी वाटायचं,
हे इथंच धूळ खात पडू दे, वर्षानुवर्षं पडू दे.
उसनं घेतलेलं कधी मागितलं जाऊ नये
असं मी आयुष्यात दुसऱ्या कशाबद्दल मागितलं नाही.

दीड वर्षानं, पानगळीत, जिन्यावर पावलं.
एक मजला. थांबली. दुसरा. थांबली.
मी स्वयंपाकघरात उभी, हात ओले,
आणि मोजत होते.
दारात ती, हातात दोऱ्यानं बांधलेल्या दोन पुड्या.
माझ्याकडे नाही, चपलांकडे बघत म्हणाली,
"ते मडकं..."

मी पुड्या घेतल्या. मडकं दिलं नाही.
"नियम मडक्याचा आहे," मी म्हटलं, "वाटीचा कुणी ऐकलाय?"
ती खुर्चीत बसली, बराच वेळ काही बोलली नाही,
मग म्हणाली, तारेचा वेढा सैल झालाय बघ.

आता रोज दोनदा
वाटीवर बशी झाकून मी चार मजले उतरते.
तिच्या पुडीत काय आहे, विचारलेलं नाही;
वास वेगळा आहे, कडू, खोल.
दुसऱ्या वळणावर थांबते.
दम लागला म्हणून नाही,
वाटी काठोकाठ असते, म्हणून.